खिळा चालेल

पाटी तीन आठवडे दाराशी टेकून उभी होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तशी पाटी चांगली ऐसपैस होती. पांढऱ्यावर निळी अक्षरं: ‘खोल्या भाड्याने देणे आहेत. भाडं परवडेल असं. खिळा चालेल.’ शेवटच्या ओळीपाशी रंगाऱ्याने ब्रश थांबवून विचारलं होतं, “बाई, खिळा चालेल म्हणजे काय? पुढचं काही राहिलंय का?” ताई म्हणाली, “दिलंय तेवढं लिहा. ज्याला कळायचं त्याला कळेल.” कळलं कुणालाच नाही. पहिल्या आठवड्यात एक हार्डवेअरवाला येऊन ‘किती किलो टाकू?’ असं विचारून गेला, तेवढीच काय ती चौकशी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. खिळा चालेल म्हणून सांगणारी ही पाटी एका खिळ्यावाचून जमिनीवर उभी होती, कारण भिंतीला खिळा ठोकू द्यायला ताईचा धाकटा भाऊ तयार नव्हता. वारा आला की पाटी आडवी व्हायची. भाजीवाली तिच्यावर टोपल्या ठेवायची, मागे मांजर झोपायचं. मजकूर येत होता गुडघ्याच्या उंचीवर. त्या उंचीवरचं वाचणार कोण? मांजरांना खोली नको होती.

ताईने चौतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या कपडेखात्यात काढली. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटलेल्या शिवायच्या, वॉर्डांना वाटायच्या. त्या चादरींच्या गठ्ठ्यांवर भर दुपारी आयाबाया झोपलेल्या असत. सकाळची पाळी संपलेली, संध्याकाळची लागायची, आणि घर दोन तासांवर. जाऊन यायचं म्हटलं तर उंबऱ्याला हात लावून परत फिरावं लागायचं. ताई त्यांच्या अंगावर एखादी विटलेली चादर टाकायची आणि मनातल्या मनात शहराला शिव्या घालायची. शहराच्या पोटात राबायचं आणि झोपायला शहराच्या शेपटाशी जायचं, हा कुठला न्याय? पण नुसत्या शिव्या घालून थांबणारी ती नव्हती. निवृत्त झाल्यावर हातात आलेली पुंजी तिने बसडेपोमागच्या एका जुन्या, अरुंद इमारतीत घातली. तीन मजले, सहा खोल्या, दोन दुकानांच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली. इस्पितळ चालत दहा मिनिटं.

निम्मे पैसे भावाचे होते. भाऊ गिलाव्याचा कारागीर. वय पंचावन्न, पण ताई त्याला अजून ‘धाकट्या’च म्हणायची आणि तोही ओ द्यायचा. भिंतीवरून नुसता तळहात फिरवून कुठे पोकळ आहे ते सांगेल असा त्याचा हात. चार महिने खपून त्याने सहाही खोल्यांच्या भिंती पोरीच्या लग्नासारख्या निगुतीने उभ्या केल्या. सुरुवातीपासून त्याची एकच रड होती.

“ताई, पैसे गुंतवायचे तर गुंतवू. त्यात जीव कशाला गुंतवतेस?”

“मग दुसरं काय गुंतवू? नुसते पैसे ठेवायला बँक होती की,” ताई म्हणायची.

शेजारी एक लॉज होता. लॉजवाला मधाचं बोट लावण्यात पटाईत. अख्खी इमारत दहा वर्षांसाठी त्याला हवी होती. कटकट नाही, भाडेकरू नाहीत, महिन्याच्या एक तारखेला पैसे घरपोच. भावाला ते पसंत होतं. दोघांचं पुष्कळ वाजलं, तेव्हा ताई इरेला पेटून म्हणून बसली, “तीन आठवडे दे मला. तोवर एकही खोली लागली नाही तर तू म्हणशील तिथे सही करते.” शब्द देऊन बसली आणि पाटी गुडघ्याशी राहिली. शनिवारी मुदत संपत होती. लॉजवाल्याने कागदसुद्धा तयार ठेवले होते.

गुरुवारी दुपारी एक म्हातारा त्या पाटीला अडखळला. पडला नाही, एवढं बरं. त्याने पाटी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली, आणि तीच काखेत मारून जिना चढून वर आला. बँकेच्या पायऱ्यांखाली घड्याळं दुरुस्त करत बसणारा घड्याळजी होता तो.

“खिळा चालेल, असं लिहिलंय,” तो म्हणाला. “किती चालतील?”

ताईचे डोळे लकाकले. तीन आठवड्यांत पहिला माणूस भेटला होता, ज्याला मराठी कळत होतं. “हवे तेवढे ठोका की.”

“अकरा?”

“अकरा कशाला?”

“अकरा घड्याळं आहेत. भिंतीवरची, लोलकाची. लोकांनी दुरुस्तीला टाकली आणि न्यायला आलीच नाहीत. तीन खोल्या बदलल्या, पण खिळा कुठेच ठोकू देईनात. खोक्यात आडवी पडून आहेत. लोलकाचं घड्याळ आडवं ठेवलं की चालत नाही हो, जीव जातो त्याचा. मी रोज उघडून बघतो, पुसतो, पुन्हा झाकतो.” म्हातारा ओशाळून हसला. “एकट्या माणसाला घरात काहीतरी टिकटिकणारं लागतं.”

ताई ‘आजच या’ म्हणणार, तेवढ्यात शिडीवरून आवाज आला.

“खिळा चालणार नाही.”

छताच्या कोपऱ्यात पुट्टी भरणाऱ्या भावाने मान वळवलीसुद्धा नाही. आवाज मात्र असा आला, की खाली उभ्या ताईच्या अंगावर काटा आला.

म्हाताऱ्याला याची सवय असावी. “असू दे, असू दे. विचारायला काय जातं?” म्हणत त्याने पाटी पुन्हा काखेत घेतली, तो कठड्याला धरून जिना उतरला आणि ती दाराशी होती तशी टेकवून निघून गेला.

चालणं या क्रियापदाला घरमालकांनी जेवढं राबवलंय, तेवढं चालणाऱ्यांनीही राबवलेलं नाही. खिळा चालणार नाही. पाहुणे चालणार नाहीत. नळ जास्त वेळ सोडलेला चालणार नाही, मोठ्याने हसलेलं चालणार नाही. आणि एवढं सगळं न चालता शेवटी चालायचं कुणी, तर भाडेकरूने: चालते व्हा. ताई आणि तिचा भाऊ अशा नऊ खोल्या बदलत लहानाचे मोठे झाले होते. वडील लवकर गेले. आई लोकांची शिवणं शिवायची. तिच्याकडे लाकडी चौकटीचा एक आरसा होता, हातभर लांब. तो कधी भिंतीवर लागला नाही. ट्रंकेला टेकून असायचा, आणि आई जन्मभर त्याच्यापुढे कमरेत वाकून केस विंचरायची. म्हणून तर ताईने पाटीवर ती ओळ लिहून घेतली होती. आणि आज तिच्याच घरात, तिच्याच पाठच्या भावाने तेच वाक्य म्हटलं होतं.

“उतर खाली,” ती म्हणाली.

“पुट्टी सुकेल.”

“सुकू दे. उतर म्हणते ना!”

तो उतरला. हात पुसत उभा राहिला. ताईने तोंडाचा पट्टा सोडला. लॉजवाल्याचा चमचा म्हणाली, पैशाचा लोभी म्हणाली, भिंतीपायी माणसाला हाकलणारा दगड म्हणाली. तो ऐकत होता. शेवटी थापी बादलीत टाकून म्हणाला,

“लोभी म्हण, हवं ते म्हण. लॉजमध्ये माणूस दोन दिवस झोपतो आणि आपल्या पायांनी जातो. त्याला कुणाला काढावं लागत नाही. भाडेकरू खिळा ठोकतो. खिळा ठोकला की त्याचं मन लागतं. आणि मग एक दिवस त्याला काढायची वेळ येते. ते मला जमणार नाही, ताई. मी ऐकलंय ते. मला नाही कुणाला तसं म्हणायचं.”

“आणि आत्ता शिडीवरून काय म्हणालास?”

त्याने शिडीकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, “त्याच्याच आवाजात आलं ना?”

“कुणाच्या?”

“घरमालकाच्या. त्या पिवळ्या जिन्याच्या घरातल्या.” त्याने भिंतीकडे तोंड केलं. “तो खिळा मी ठोकला होता. आरशासाठी. माझ्यामुळे गेली आपली खोली.”

ताईला क्षणभर काही उमजेना. कुठला खिळा? मग एकदम सगळं डोळ्यांपुढे आलं. पिवळा जिना. आठ वर्षांचा धाकटा ट्रंकेवर उभा, हातात खलबत्त्यातला बत्ता. आणि काही दिवसांनी जिन्यात ओरडणारा घरमालक: खिळा ठोकलात? चालते व्हा!

ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली.

“अरे गाढवा,” ती म्हणाली. “त्या मालकाने महिनाभर आधीच आईला खोली सोडायला सांगितलं होतं. त्याच्या जावयाला हवी होती. तू खिळा ठोकलास त्याच्या आदल्या रविवारी मी आणि आई दिवसभर खोल्या शोधत फिरत होतो. तुला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं.”

“काकूंकडे? त्या दिवशी काकूंनी मला कैरी दिली होती,” तो म्हणाला. एवढंच त्याला आठवलं.

“खिळा तुझ्या हातात दिला कोणी?”

“आईने.” तो थबकला. “मी हट्ट धरला होता म्हणून.”

“हट्ट तर तू वर्षभर धरून होतास. त्याच दिवशी का दिला? मी तिथेच भाजी निवडत होते. आई म्हणाली, जायचंच आहे, तर चार दिवस ताठ उभी राहून केस विंचरते. अकरा दिवस विंचरले तिने. मी मोजलेत.”

“मग तो ओरडला ते?”

“त्याला निमित्त हवं होतं. विधवेला पोरांसकट काढलं असं आळीने म्हणू नये. तू आयतं दिलंस.”

भाऊ भिंतीवरून तळहात फिरवत राहिला, जणू तिथे काही पोकळ लागतंय. “मला कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“तू विचारलं नाहीस.”

“आठ वर्षांचं पोर काय विचारणार?”

“आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं?”

खरं म्हणजे ताईनेही त्याला कधी विचारलं नव्हतं. ती त्या वेळी चौदा वर्षांची. खोली गेल्याचं दुःख तिला इतकं होतं, की पाठचा भाऊ बोलेनासा झालाय हे तिच्या लक्षातच आलं नाही. पुढे तो भिंतींची भोकं बुजवायला शिकला, तेव्हा ती लोकांना कौतुकाने सांगायची, आमच्या धाकट्याला भिंतीवर ओरखडा खपत नाही म्हणून. कौतुक कशाचं करत होतो आपण? तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

“म्हणून तू जन्मभर खिळ्यांची भोकं बुजवत बसलास होय रे?”

“पोटासाठी, ताई.”

“पोटासाठी रंगसुद्धा मारता आला असता.”

तो हसला. डोळे पुसताना पुट्टीचा हात लागून भुवई पांढरी झाली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, “पण खरंच कुणाला काढायची वेळ आली तर?”

“येईलही,” ताई म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. “तेव्हा खरं कारण तोंडावर सांगू. खिळ्यावर ढकलायचं नाही. आणि दुसरी खोली शोधायला आपण त्यांच्याबरोबर जायचं. आईबरोबर कोण होतं? मी, दोन वेण्यांची.”

भाऊ बादली उचलून घरी गेला.

शुक्रवारी सकाळी ताई येऊन बघते, तर हा तिच्या आधी हजर. समोर कापडी पिशवी, पिशवीत जुन्या सागवानी चौकटीच्या कापून काढलेल्या बोटभर लाकडी गुट्ट्या. जुन्या चुन्याच्या भिंतीत खिळा सरळ ठोकला की गिलावा फुटतो. म्हणून आधी बेताचं भोक पाडायचं, त्यात गुट्टी घट्ट बसवायची, कडेने भरून घ्यायचं आणि मग गुट्टीत खिळा. भिंतीला कळतही नाही.

“हे तुला आधीपासून येत होतं?” ताईने विचारलं.

“न यायला काय झालं? माझं कामच ते.”

“आणि तीन आठवडे माझी पाटी मांजराखाली!”

“आता बोलू नकोस, हात हलेल.”

दुपारी तो स्वतः बँकेच्या पायऱ्यांखाली गेला. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. भावाला गोड बोलायची सवय नाही. तो म्हणाला, “दुसऱ्या मजल्यावरची खोली. अकरा ठोकलेत. बारावा तुम्हाला लागला तर तुमचा तुम्ही ठोका, हातोडी मी देईन.” म्हाताऱ्याने भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा डोळ्याला लावलं. डोळ्यातलं पाणी लपवायला घड्याळजीइतकी चांगली सोय कुणाकडे नसते.

शनिवारी लॉजवाला कागद घेऊन आला. आवाजाच्या रोखाने दुसऱ्या मजल्यावर चढला. खोलीत अकरा घड्याळं एकाच वेळी चालत होती आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. घड्याळजी एकेकाचा लोलक धरून समजूत काढत होता. लॉजवाल्याने बोलायला तोंड उघडलं की कुठलंतरी एक ठोके द्यायचं. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर भाऊच म्हणाला,

“तुमच्या कामाची नाही राहिली जागा. सगळीकडे भोकं पाडलीत.”

“त्यात काय? बुजवून घेऊ की! तुमचा तर हातखंडा आहे.”

“आहे,” भाऊ म्हणाला. “पण ही बुजवायची नाहीत.”

लॉजवाल्याने ताईकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होती, कारण भावाकडे बघितलं असतं तर तिने त्याला परक्या माणसापुढे पोटाशी धरलं असतं, आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याची फजिती झाली असती. लॉजवाला कागदांची सुरळी करून उतरला. जाताना दारातल्या पाटीला तोही अडखळला.

त्याच संध्याकाळी भावाने पाटी दारावर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला मान वर करून वाचावी लागेल अशी. पुढे फार दिवस लागले नाहीत. इस्पितळातल्या एका आयाबाईने ती वाचली. ही तीच, जी पंधरा वर्षं ताईच्या गठ्ठ्यांवर दुपारी झोपत आली होती. तिने विचारलं, “ताई, खिळा चालेल म्हणजे माझी कपड्यांची दोरी बांधू?” मग तिच्या ओळखीची दुसरी आली, मग बेकरीतला भट्टीवाला आणि त्याची बायको. दोन आठवड्यांत सहाही खोल्या लागल्या. भाडं आयाबाईच्या पगाराकडे बघून ठरवलं होतं. लॉजवाल्याने दिले असते त्याहून कमी हाती येणार होतं, पण दोघा भावंडांचं त्यात भागण्यासारखं होतं. भाऊ बोटांवर मोजून म्हणाला, “जीव गुंतवूनही बरं चाललंय की.”

एक गोष्ट राहिली होती. आईचा तो आरसा भावाच्या घरी होता. तिथेही तो कपाटाला टेकूनच. भावजय ताईला नेहमी म्हणायची, “वन्सं, आमच्या घरात आरसासुद्धा बसून असतो. तीस वर्षं झाली, वाकून भांग पाडतेय.” ताई हसायची. आता तिला ते हसणं आठवून लाज वाटली. भावाने बायकोसाठी नवा आरसा आणला, तिला भिंतीशी उभी करून उंचीची खूण केली आणि स्वतः खिळा ठोकला. भावजयीने म्हणे त्या दिवशी चारदा केस विंचरले. आणि जुना आरसा कागदात गुंडाळून तो इमारतीत घेऊन आला.

जागा ठरली तळमजल्याच्या बोळात, जिना उतरल्यावर समोर.

“किती उंचीवर?” त्याने विचारलं.

“आईच्या,” ताई म्हणाली, आणि आपल्या कपाळाला हात लावून दाखवलं. चौदाव्या वर्षीच ती आईएवढी झाली होती, तेव्हापासून तेवढीच राहिली होती.

त्याने गुट्टी बसवली, खिळा घेतला. दोन घाव बरोबर बसले, तिसरा अंगठ्यावर. सरळ लागलाय का ते बघायला खिशात ओळंबा असूनही तो आरसा टांगून मागे सरकला आणि अंगठा तोंडात धरून लहान पोरासारखा म्हणाला, “ताई, चालेल?”

ताई आरशापुढे उभी राहिली. वाकावं लागलं नाही.

इतक्यात जिन्यावर चपला वाजल्या. आयाबाई संध्याकाळच्या पाळीला निघाली होती, दुपारभर स्वतःच्या अंथरुणावर झोपून. “जरा सरका हो,” म्हणत ती ताईच्या शेजारी ताठ उभी राहिली, केसांची पिन काढून दातांत धरली, बट मागे घेतली, पिन लावली. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून.

“चालेल,” ती आरशातल्या स्वतःला म्हणाली, आणि दहा मिनिटांवरच्या कामाला चालत निघाली.